जुलैमध्ये वाचायच्या लाकडाच्या बातम्या

लाकडाची नवी बातमी आली की मी ती जुलैपर्यंत बाजूला ठेवतो. मे महिन्यात सगळंच लाकूड गुणी असतं. दार अलगद लागतं, ड्रॉवर एका बोटाने सरकतो, गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. जुलैत तेच दार चौकट धरून बसतं आणि घरातला सगळ्यात दणकट माणूस खांदा लावतो तेव्हा उघडतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात सुताराने दुसरी कुठली कसोटी ठेवायची?

आमची सुतारशाळा गोव्यात फोंड्याच्या बाजूला, आजोबांच्या वेळची. गिऱ्हाइकं तिला वर्कशॉप म्हणतात, बिलावर मीही तसंच छापून घेतलंय. आत एका भिंतीला रंधे, पटाश्या, गिरमिट. दुसऱ्या भिंतीला पॅनेल सॉ आणि एज बँडिंगचं मशीन. आजोबा फणस, किंदळ आणि सागात काम करायचे, वडील सागात आणि प्लायवूडमध्ये. मी जवळजवळ सगळा बोर्डात. लाकूड कमी कमी होत फळीच्या आत भुशाच्या रूपाने कसं शिरलं, याचा आमचं घर म्हणजे चालताबोलता पुरावा आहे.

भाचा बंगळूरला मटेरियल सायन्स शिकतो. मामाला अद्ययावत ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्याला वाटतं. "मामा, हे बघ, पोलादाला भारी लाकूड." "मामा, काचेसारखं लाकूड." "मामा, लाकडाचा उपग्रह!" माझं उत्तर ठरलेलं: पावसात काय होतं ते विचार. आधी तो चिडायचा. हल्ली बातमी पाठवण्याआधी स्वतःच मूळ शोधनिबंध उघडून तेवढा भाग शोधतो. त्यामुळे आमच्या दोघांचंही शिक्षण चांगलं चाललंय.

पोलादाला भारी असलेल्या त्या लाकडाचंच घ्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात लियांगबिंग हू यांच्या गटाने 'नेचर'मध्ये ही पद्धत मांडली. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइटच्या द्रावणात लाकूड उकळायचं, त्यातलं लिग्निन थोडं काढून घ्यायचं आणि मग शंभर अंशांच्या आसपास तापवून दाबायचं. जाडी मूळच्या पाचव्या हिश्श्यावर येते आणि ताकद दहापटीहून जास्त वाढते. सेल्युलोजचे धागे इतके जवळ येतात की त्यांच्यातले हायड्रोजनचे बंध एकमेकांना पकडून ठेवतात. याच गटाने २०२१ मध्ये अशा कडक केलेल्या लाकडाची जेवणाच्या टेबलावरची सुरी आणि खिळेही करून दाखवले. आता ते 'सुपरवूड' या नावाने बाजारात आणण्याचं काम त्यांच्यातूनच निघालेली कंपनी करते आहे.

भाच्याने जुलैचा आकडाही शोधला. ९५ टक्के आर्द्रतेत १२८ तास ठेवल्यावर ही फळी जाडीत आठ टक्क्यांच्या थोडी वर फुगली. ताकद थोडीच घटली, वर तेलाचा रंग दिला तर फुगणंही थांबलं. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हे उत्तम. सुताराच्या दृष्टीने हिशेब असा: अठरा मिलिमीटरची फळी साडेएकोणीसची झाली. अठराच्या खाचेत साडेएकोणीस कोंबलं की खाच फाटते, फळी कितीही पोलादी असो. आणि १२८ तास म्हणजे सव्वापाच दिवस. आमचा पाऊस तोवर नुसता घसा खाकरत असतो. पूल, तुळया, गाडीचे भाग, इमारतीची बाहेरची भिंत अशा ठिकाणी याचा उपयोग होईल हे मला पटतं. कपाटात नाही.

लाकडाला पाणी लागतं कुठे, हे नीट कळलं तर या सगळ्या बातम्या भराभर वाचता येतात. लाकडात साधारण चाळीस ते पन्नास टक्के सेल्युलोज, त्याच्या जोडीला हेमिसेल्युलोज, आणि या धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवणारं लिग्निन, वीस ते तीस टक्के. चिऱ्यांच्या भिंतीतला चुना, तसं. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजवर हायड्रॉक्सिलचे गट असतात आणि ते हवेतली वाफ ओढून घेतात. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात बारा टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं. नव्वद टक्के झाली की वीसच्या घरात. विसाच्या वर बुरशीची सोय होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद घरातलं लाकूड याच रेषेवर उभं असतं.

म्हणून मला हू यांच्या दाबलेल्या लाकडापेक्षा जुनी आणि कमी गाजलेली एक गोष्ट जास्त आवडते: अ‍ॅसिटिलेशन. व्हिनेगरच्या कुळातलं अ‍ॅसेटिक अनहायड्राइड लाकडात मुरवलं की ते त्या हायड्रॉक्सिल गटांच्या जागी जाऊन बसतं. पाण्याला पकडायला जागाच उरत नाही. पाईनसारखं मऊ, लवकर वाढणारं लाकूड सागाच्या पंगतीत येतं. 'अकोया' या नावाने ते विकलं जातं, कारखाना नेदरलँड्समध्ये आर्नहेमला. त्याच देशात स्नेक गावी २००८ मध्ये जड वाहनांसाठी याच लाकडाचा रस्त्यावरचा पूल उभा राहिला. नॉर्वेची 'केबनी' हेच काम फरफ्युरिल अल्कोहोलने करते आणि ते अल्कोहोल येतं उसाच्या चिपाडातून. चिपाडं म्हटल्यावर मला धारबांदोड्याचा बंद पडलेला संजीवनी साखर कारखाना आठवतो, पण तो विषय काढला तर हा लेख तिथेच संपेल.

माझ्या धंद्याची खरी कहाणी मात्र परदेशी लाकडाची नाही, बंद बंगल्यांची आहे.

आसगाव, शिवोली, हळदोणे या बाजूला मुंबई-दिल्लीच्या लोकांनी घरं घेतली. वर्षातून दोन-तीनदा येतात. मे संपला की कुलूप. चार महिने खिडक्या बंद, पंखा बंद, आत मॉड्युलर किचन. नवरात्रात येऊन दार उघडलं की आधी वास, मग डोळ्यांची चुरचुर, मग फोन. सिंकखालची फळी पावासारखी फुगलेली, कडेची पट्टी सुटलेली, बिजागरीचे स्क्रू हाताने निघतात. किचन बसवलेलं असतं दुसऱ्याच कोणीतरी, कॅटलॉग इटलीचं असतं, आणि दुरुस्तीला आम्ही.

यात दोष लाकडाच्या धाग्याचा नसतो. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड करताना भुसा आणि धागे दाबून ठेवलेले असतात, आणि त्यांना दाबलेल्या अवस्थेत धरून ठेवतो तो गोंद. स्वस्त बोर्डात तो असतो युरिया फॉर्मल्डिहाइड. ऊब आणि ओल एकत्र मिळाली की हा गोंद हळूहळू सुटतो, म्हणजे ज्या पदार्थांपासून बनला त्यांच्याकडे परत जातो. त्यात फॉर्मल्डिहाइडही आलं. तोच तो वास, तीच ती चुरचुर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. गोंदाची पकड सैल झाली की दाबलेला धागा आपली मूळची जागा मागतो आणि एकदा पसरला की उन्हात ठेवून परत बसत नाही. घन लाकूड पावसात फुगतं आणि डिसेंबरात निमूटपणे आपल्या मापावर येतं. बोर्ड येत नाही.

मरीन प्लायमध्ये गोंद फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा. म्हणून या प्लायचा, म्हणजे 'आयएस ७१०' मार्काचा, तुकडा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटू नयेत अशी मानकाची अट आहे. कोणी 'मरीन आहे' म्हणून छातीठोक सांगत असेल तर त्याला प्रेशर कुकर दाखवावा. दुकानदाराचा चेहरा बरंच काही सांगतो.

तर सगळं फिरून येतं गोंदावर. धागा जगात कमी नाही. काथ्या आहे, केळीचं सोपट आहे, अंबाडी आहे, उसाचं चिपाड आहे, भाताचा पेंढा आहे. जर्मन गाड्यांच्या दारांच्या आतल्या पॅनेलमध्ये अंबाडी आणि जवसाचे धागे १९९० च्या दशकापासून जाताहेत. ब्राझीलमध्ये बेलेमच्या बाजूला त्याच दशकात नारळाचा काथ्या आणि रबराचा चीक एकत्र करून मर्सिडीजच्या गाड्यांसाठी डोकं टेकायच्या उश्या बनवल्या गेल्या. नारळाचं झाड दारात असलेल्या आपल्या लोकांना ही बातमी लागली तरी होती का कोण जाणे. धागा मुबलक, पण त्याला पाण्यात धरून ठेवील, घरात विष सोडणार नाही आणि परवडेल असा गोंद कुठला, हा प्रश्न आहे. मी बातम्या वाचतो त्या या एका प्रश्नासाठी.

यातली माझी सगळ्यात आवडती बातमी शिनाण्यांची, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या काळ्या शिंपल्यांची. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठाचे काइचांग ली लाकडाच्या गोंदावर काम करायचे. समुद्रावर गेले असता लाटा आदळत असूनही खडकाला चिकटून राहिलेली शिनाणी त्यांनी पाहिली. शिनाणं पाण्यात चिकटतं, आणि तेही प्रथिनाच्या धाग्यांनी. मग त्यांनी सोयाबीनच्या पिठातलं स्वस्त प्रथिन घेऊन ते शिनाण्याच्या प्रथिनासारखं वागेल असा बदल केला. कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या प्लायवूड कंपनीने तो गोंद घेतला आणि युरिया फॉर्मल्डिहाइड काढून टाकलं. २००७ मध्ये या कामाला अमेरिकेचा ग्रीन केमिस्ट्रीचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. आपण शिनाण्यांचं सुकं करतो, रव्यात तळतो, आणि खडकावरून काढताना बोटं सोलपटून घेतो. ते इतकं घट्ट का बसतं हा प्रश्न जेवणाच्या घाईत कुणाला पडत नाही.

दुसरी वाट लिग्निनची. कागदाच्या कारखान्यात लगद्यातून लिग्निन वेगळं काढतात आणि बहुतेक सगळं बॉयलरमध्ये जाळतात. रसायनशास्त्राने पाहिलं तर लिग्निन फिनॉलच्याच घराण्यातलं. त्यामुळे प्लायच्या गोंदातलं खनिज तेलातून आलेलं फिनॉल कमी करून त्या जागी लिग्निन घालणं शक्य होतं, आणि फिनलंडच्या प्लायवूडवाल्यांनी ते कारखान्याच्या पातळीवर करून दाखवलंय. लिग्निनपासून बॅटरीचा कार्बन करायचेही प्रयत्न झाले. पण मला त्यात रस कमी. मला हवं आहे ते नारळाच्या सोडणातलं, म्हणजे वरच्या जाड सालीतलं, लिग्निन.

नारळाच्या सोडणात काथ्या तीस टक्क्यांच्या आसपास, उरलेला सगळा भुसा. दोन्हींत लिग्निन भरपूर, बऱ्याच लाकडांहून जास्त. नेदरलँड्सच्या वागेनिंगनमधल्या संशोधकांनी २००४ च्या सुमारास यावर साधी युक्ती काढली. सोडण काथ्या-भुसा वेगळा न करता सगळंच्या सगळं दळायचं, वाळवायचं आणि १८० अंशांच्या आसपास तापवून दाबायचं. बाहेरून गोंदाचा थेंब घालायचा नाही. त्या उष्णतेत सोडणातलं लिग्निन मऊ होऊन वाहतं आणि थंड झाल्यावर तेच सगळ्याला पकडतं. निघते ती घट्ट, काळपट, जड फळी. यातूनच पुढे सोडणाचे पॅलेट्स, म्हणजे माल लादायचे ते फळकुट, करायचा धंदा सुरू झाला.

ही बातमी मी आईला वाचून दाखवली. गोव्यातल्या जुन्या घरांत सोडण वाया जात नाही. ती न्हाणीघरात भाणाखाली जाते आणि अंघोळीचं पाणी तापवते. आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग भाणाखाली काय तुझ्या फळ्या जाळू?" प्रश्न बरोबर आहे. 'टाकाऊपासून टिकाऊ' म्हणणारे लोक हे विसरतात की खेड्यात टाकाऊ असं फारसं काही नसतं. प्रत्येक गोष्टीला आधीच कोणीतरी मालक असतो, बहुतेक वेळा चूल किंवा गुरं. तरी फ्लॅटवाल्यांच्या म्हापसा, मडगावात शहाळ्यांचे ढीग नगरपालिकेला नको झालेत, तिथून सुरुवात करायला कोणाची हरकत नसावी. शहाळ्याची सोडण ओली आणि कोवळी असते. वाळवायला इंधन जाईल आणि लिग्निनही पिकल्या नारळाइतकं नसेल, हा भाग वेगळा.

काजूचं तर याहून जवळचं. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून काजू आणला आणि आपण त्याची फेणी केली, गर विकला. टरफलातलं तेल मात्र पेंट आणि ब्रेकवाल्यांच्या ताब्यात गेलं. टरफलाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास तेल असतं. ते तापवलं की त्यातून कार्डनॉल मिळतं, तेही फिनॉलच्या जातीचं, फक्त मागे तेलाची लांब शेपटी असलेलं. त्या शेपटीमुळे त्याला पाणी आवडत नाही. जहाजांच्या इपॉक्सी रंगाला सुकवायला कार्डनॉलपासून बनवलेली हार्डनर वापरतात, कारण दमट पृष्ठभागावरही ती काम करतात. प्लायच्या गोंदातही कार्डनॉल मिसळता येतं, त्यावर आपल्या देशात संशोधन झालंय. आजोबा वाश्यांच्या टोकांना आणि भिंतीत जाणाऱ्या तुळईला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचे. हाताला लागलं तर कातडी सोलते, म्हणून काठीला चिंधी बांधून. आमच्या जुन्या घराच्या त्या तुळईला वाळवीने अजून तोंड लावलेलं नाही. त्याचं श्रेय तेलाला की किंदळाला, हे मी ठामपणे सांगणार नाही.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं मात्र नाही, हेही इथेच लिहून ठेवतो. कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पोफळीच्या विरीची (पानाच्या रुंद देठाची) ताटं-वाट्या हा सत्तरी-सांग्यातल्या बऱ्याच घरांचा जोडधंदा. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही ताटं अन्नासाठी वापरू नयेत असं सांगितलं, कारण सुपारीतली अल्कलॉइडं अन्नात उतरू शकतात. आमच्या पिढ्या त्यावर जेवल्या, हे खरं. पण पिढ्या सुपारीही खात आल्या आणि ती तोंडाचं काय करते ते आपण सगळे जाणतो. निर्यातीवर पोट असलेल्यांसाठी ही बातमी पारदर्शक लाकडापेक्षा शंभरपट महत्त्वाची होती.

पारदर्शक लाकडाचं दोन ओळींत सांगून टाकतो. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात लार्स बर्गलुंड यांच्या गटाने २०१६ मध्ये ते गाजवलं. रंगीत भाग काढून पोकळ्यांत अ‍ॅक्रिलिक भरलं की प्रकाश आरपार जातो. पुढे त्यांनी अ‍ॅक्रिलिकच्या जागी संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनपासूनचा पदार्थ वापरला. सुंदर आहे. मला खिडकीला काच पुरते. लाकडाच्या उंच इमारतींचंही तसंच: नॉर्वेचा म्योस्टॉर्नेट ८५.४ मीटर, मिलवॉकीची असेंट ८६.६. नॉर्वेत वाळवी नसते, एवढं बोलून मी पुढे जातो.

गोंदाचा प्रश्न सोडवायची तिसरी तऱ्हा म्हणजे गोंदच न वापरणं. यावर भाच्याने पाठवलेली उपग्रहाची बातमी मी जुलैची वाट न पाहता वाचली. क्योतो विद्यापीठ आणि सुमितोमो फॉरेस्ट्री यांचा 'लिग्नोसॅट', दहा सेंटिमीटरचा घन, मॅग्नोलियाच्या जातीच्या होनोकी लाकडाचा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तो अवकाश स्थानकाकडे गेला, डिसेंबरात तिथून सोडला. फळ्यांचा सांधा जपानी सुतारकामाच्या रीतीने केलेला: ना स्क्रू, ना गोंद. अवकाशात पाणी नाही, हवा नाही, त्यामुळे कुजायचा प्रश्नच नाही. काम संपल्यावर खाली येताना जळून जातो आणि अ‍ॅल्युमिनियमसारखे धातूचे कण वातावरणात सोडत नाही. आमच्या शाळेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला मी फोटो दाखवला. त्याने चष्मा वर करून कोपरे निरखले आणि म्हणाला, "कुसू बरा बसवलाय." एवढी दाद तो माझ्या कामाला देत नाही.

आणि दिवाडीची होडी! जपानला कशाला जायचं? भारतीय नौदलाची 'कौंडिण्य' आपल्याच दिवाडी बेटावर बांधली. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून आराखडा, केरळचे बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली कारागीर, आणि फळ्या एकमेकींना खिळ्यांनी नाही, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. फटींत नारळाचा काथ्या आणि राळ. २०२५ च्या फेब्रुवारीत ती पाण्यात उतरली, मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाली, आणि डिसेंबराच्या शेवटी पोरबंदरहून निघून मस्कतला पोचली. शिवलेल्या सांध्याची खुबी अशी की लाटेवर तो थोडा हलतो, खिळ्यांचा सांधा अडून राहतो आणि फाटतो. लाकूड भिजून फुगलं की फट आणखी घट्ट होते. मी आयुष्यभर ज्या फुगण्याशी भांडतोय, ते फुगणंच इथे कामाला लावलंय. हे जेव्हा पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं तेव्हा मी बराच वेळ एमडीएफच्या ढिगाकडे रागाने पाहत बसलो होतो.

बांबूबद्दल लोक मला नेहमी विचारतात, म्हणून लिहितो. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही, तेव्हापासून तो कापणं-नेणं सोपं झालं. दिल्लीच्या नव्या संसद भवनात त्रिपुराच्या बांबूची फरशी आहे. विदर्भात वणी-वरोरा रस्त्यावर २०२३ मध्ये दोनशे मीटर बांबूचं क्रॅश बॅरिअर लागलं. आपल्या सीमेपलीकडे कुडाळला 'कोनबॅक'वाले बांबूवर प्रक्रिया करून मोठमोठी बांधकामं करतात, जाऊन बघण्यासारखं आहे. आपल्याकडचा माणगा बांबू तर भरीव, बिनकाट्यांचा, सरळ. पण बांबूत पिष्ट असतं आणि भुंगा त्यावर टपलेला. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवल्याशिवाय घेतलेला बांबू म्हणजे वर्षभरात पिवळी पावडर. जुने लोक ओहोळात भिजत टाकायचे, त्याने पिष्ट धुऊन जायचं. आणि बोरॉन पाण्यात विरघळतो, हे विकणारे सांगत नाहीत. उघड्या पावसात ठेवलेल्या बांबूतून तो धुऊन जातो. वर छप्पर हवंच. 'बांबू प्लाय' म्हणून जे येतं त्यात बांबू किती हे विचारण्याआधी गोंद कुठला ते विचारा.

शाळेच्या मागे पागोळ्यांखाली मी एक तार बांधली आहे. तिच्यावर नमुने लटकतात: साधा एमडीएफ, एचडीएचएमआर (ओल सोसण्यासाठी केलेला दाट बोर्ड), ७१० प्लाय, बांबू बोर्ड, केरळहून आणवलेला काथ्याचा बोर्ड, आणि फणसाचा एक ठोकळा. दर पावसाळ्यात नवे तुकडे. साधा एमडीएफ गणेश चतुर्थीच्या आत लगदा होतो. एचडीएचएमआर कडांनी फुगतो, मधे तग धरतो, म्हणून कापलेली प्रत्येक कड सील करा असं मी पोरांना ओरडून सांगतो. काथ्याच्या बोर्डाचा रंग पार उतरतो, बुरशी पांढरी धरते, पण पुसून कॅलिपर लावला तर जाडी फारशी सरकलेली नसते. प्लायपेक्षा बरा म्हणावा इतका नाही, एमडीएफच्या तुलनेत कितीतरी. फणस काळा पडतो, बाकी ढिम्म.

बंद बंगल्यांच्या मालकांना माझा सल्ला नव्या मटेरियलचा नाहीच. सिंकखाली आणि भिंतीला टेकणाऱ्या मागच्या फळीला ७१० घाला, बाकी ठिकाणी हवं ते. कपाटांच्या मागे दोन बोटं जागा सोडा. आणि शेजारच्या कोणालातरी चावी देऊन आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगा, त्याचे चार पैसे द्या. डिह्युमिडिफायर लावून जाणारेही आहेत, पण पावसात आमच्याकडे वीज किती असते ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

सोडणाची गोंदाशिवायची फळी मात्र मला स्वतःच्या हाताने दाबून बघायचीय. भाचा म्हणतो दळणं आणि वाळवणं सोपं, अडचण प्रेसची: १८० अंश तापणाऱ्या दोन सपाट प्लेट्स आणि भरपूर टनांचा दाब. लॅमिनेट किंवा फ्लश डोअरच्या बंद पडलेल्या कारखान्यात अशी जुनी हॉट प्रेस पडून असते. बेतोडा, कुंडई, मडकई, पिसुर्ले, किंवा पलीकडे कुडाळ-सावंतवाडी एमआयडीसीत कोणाच्या पाहण्यात असेल तर खाली कळवा. चालू नसली तरी चालेल, हायड्रॉलिक बघणारा माणूस आमच्याकडे आहे. सोडणाची सोय मी करतो. आईकडून मागून घ्यावी लागेल, पण करतो.